‘सर्वदा आनंद करा’ हे वचन रडणाऱ्या माणसाने कसं वाचावं?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वर्षभरापूर्वी यजमान गेले, पाठोपाठ नोकरी गेली आणि आता अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं तुम्ही एकट्या करता. मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, माणसं भेटली की ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन ऐकवतात. उपासनेत गीत सुरू झालं की तुमचा गळा दाटून येतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. माझा विश्वास कमी पडतोय का? आणि दुःखात ख्रिस्ती माणसाला आनंद मिळतो म्हणतात, तो मिळवायचा कसा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न तुमची झोप घेतोय. नाही, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. विश्वास संपलेला माणूस गळा दाटून येईल अशा जागी दर रविवारी जाऊन बसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. पाळक म्हणून तीस वर्षं झाली आणि त्यातला मोठा काळ आजारी माणसांच्या खाटेशी बसण्यात गेला. तेवढ्या अनुभवावर सांगतो, ‘मिळवायचा’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. बायबलातल्या गलतीकरांच्या पत्रात प्रेषित पौल आनंदाला पवित्र आत्म्याचं फळ म्हणतो. झाडाला दटावून फळ धरत नाही. तुम्ही गेलं वर्षभर स्वतःला दटावताय.

ज्या वचनाने तुम्हाला दुखावलं, ते मुळात कुठे आणि कसं आलंय ते बघू. ते पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात आहे, आणि ते पत्र लिहिताना पौल बेड्यांत होता. पत्र चार अध्यायांचं, आणि ‘आनंद’ व ‘आनंद करणे’ या अर्थाचे शब्द मूळ ग्रीकमध्ये सोळा वेळा येतात. त्याला आनंदाचं पत्र म्हणतात ते योग्यच आहे. पण तेच पत्र सावकाश वाचा. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा त्याचा सोबती मरणाच्या दारातून परत आल्याची हकीकत आहे. देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल लिहितो. म्हणजे एक दुःख आधीच होतं आणि ते त्याने लपवलेलं नाही. तिसऱ्या अध्यायात तो सरळ म्हणतो, हे मी रडत सांगतोय. आणि चौथ्यात, ‘आनंद करा’च्या पुढे काही ओळींवर, कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे असं म्हणतो. शिकलो. जन्मतः येत होतं असं नाही, बाप्तिस्मा घेतल्याबरोबर आलं असंही नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेमुळे नजरेतून निसटते. मराठीत ‘करा’ म्हटलं की ते एका माणसाला आदराने सांगितलंय असं वाटतं. मूळ ग्रीकमधला शब्द अनेकवचनी आहे. पौल एका विधवेला गाठून ‘ताई, आनंद करा’ असं म्हणत नाहीये. तो एका अख्ख्या मंडळीला सांगतोय की तुम्ही सगळे मिळून हे करा. त्यात कुणाचा आवाज त्या दिवशी लागेल, कुणाचा लागणार नाही. ज्यांचा लागतो त्यांनी, ज्यांचा लागत नाही त्यांच्या शेजारी उभं राहून गायचं. तुम्हाला वचन ऐकवणाऱ्यांनी अनेकवचनातली आज्ञा एकवचनी करून तुमच्या एकटीच्या डोक्यावर ठेवली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ओझं खरं होतं.

त्यांच्यावर रागावू नका असं म्हणतो, कारण मीही हे केलेलं आहे. पाळक होऊन पहिलंच वर्ष होतं. एका रुग्णालयात नऊ दिवसांचं बाळ गेलं होतं आणि त्याच्या आईला भेटायला मला पाठवलं होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि देव सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक करतो, हे रोमकरांच्या आठव्या अध्यायातलं वचन वाचलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवर बाळाचा लोकरीचा सदरा होता. ती त्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल, म्हणून मी वचन पुन्हा वाचलं. तेवढ्यात एक वयस्क परिचारिका आली, खाटेच्या कडेला बसली आणि तिने त्या सदऱ्याची दुसरी बाही हातात धरली. दोघी मिळून घडी घालू लागल्या. कुणीच काही बोललं नाही. पाचव्या-सहाव्या घडीला ती आई रडली, बाळ गेल्यानंतर पहिल्यांदा. मी पवित्र शास्त्र, हातातलं बायबल, मिटून ठेवलं.

ते वचन खोटं नाही. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण त्याच अध्यायात, त्याच्या दोनच ओळी आधी लिहिलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. मी त्या बाईला कण्हू न देता थेट कल्याणापर्यंत न्यायला निघालो होतो.

आता मुख्य गोष्ट. विश्वासाच्या जगात दुःखापासून आनंदापर्यंत जी वाट आहे, ती गाऱ्हाण्यातून जाते. हा शब्द आपल्या मराठी शास्त्रातलाच आहे. एकशे बेचाळिसाव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता म्हणतो की मी माझं गाऱ्हाणं देवापुढे मांडतो. गाऱ्हाणं आपण कुणाकडे नेतो? जो आपला आहे आणि ज्याच्या हातात काहीतरी आहे, त्याच्याकडे. परक्याकडे गाऱ्हाणं नेत नाहीत, तिथे अर्ज करतात. एकशे पन्नास स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास अशी गाऱ्हाण्याची स्तोत्रं आहेत. देवाच्या लोकांच्या गीतसंग्रहात इतकं रडणं मुद्दाम ठेवलेलं आहे, आणि आपण मात्र उपासनेत बहुतेक वेळा आनंदाचीच गीतं निवडतो.

त्यातलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलंय का? बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, भरवशावर येतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. लहानपणी मला वाटायचं की याचं शेवटचं पान हरवलं असावं. आता मला ते स्तोत्र तसं शास्त्रात आहे याचाच मोठा आधार वाटतो. एखाद्याची प्रार्थना अंधारात संपली तरी ती प्रार्थनाच असते, तिला देवाच्या पुस्तकात जागा आहे.

कुणी म्हणेल, ही तर कुरकुर झाली, आणि कुरकुर करणाऱ्या इस्राएलावर देव रागावला होता. फरक आहे. रानात इस्राएल लोक आपापल्या डेऱ्यांत बसून देवाच्या पाठीमागे कुरकुरले. स्तोत्रकर्ता देवाच्या तोंडावर बोलतो. ‘तो मला विसरला’ असं शेजाऱ्याला सांगणं वेगळं आणि ‘तू मला का विसरलास’ असं त्यालाच विचारणं वेगळं. दुसऱ्यात नातं शाबूत आहे. वधस्तंभावर प्रभूने जे शब्द उच्चारले, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ते बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहेत. देवाच्या पुत्रालाही त्या घटकेला स्वतःचे नवे शब्द शोधावे लागले नाहीत. आधी कुणीतरी रडून ठेवलेले शब्द त्याने घेतले. तुम्हालाही प्रार्थनेचे शब्द सुचत नसतील तर ते शोधत बसू नका. ते लिहून ठेवलेले आहेत.

बेथानीची गोष्ट तुम्हाला पाठच असेल. लाजर मरून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरीया या दोघी बहिणींनी येशूला वेगवेगळं गाठून एकच वाक्य म्हटलं, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. सरळ गाऱ्हाणं. त्याने दोघींपैकी एकीलाही विश्वासावरून झापलं नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलला. मरीयेला त्याने एक शब्दही शिकवला नाही, तिला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो व्याकूळ झाला. आणि मग, ‘येशू रडला.’ काही मिनिटांत लाजर बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं. तरी तो रडला. पुढे सगळं नीट होणार आहे म्हणून आत्ता रडायचं कारण नाही, असं प्रभूला वाटलं नाही. मग ते तुम्हाला का वाटावं?

गाऱ्हाणं मांडल्यावर काय होतं? सांत्वन येतं, पण बहुतेक वेळा माणसाच्या रूपाने येतं. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू पवित्र आत्म्याला जे नाव देतो, त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मदतीला जवळ बोलावलेला’ असा आहे. मराठी शास्त्रात तिथे ‘कैवारी’ हा शब्द ठेवला, आणि तो मला फार आवडतो. कैवारी म्हणजे तुमची बाजू घेणारा. तुम्ही बरोबर की चूक याची चौकशी संपेपर्यंत न थांबता तुमच्या अंगाने उभा राहणारा. ज्याला गाऱ्हाणं आहे त्याला कैवारीच लागतो, उपदेशक मागाहून आला तरी चालतो. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला तिसऱ्या ओवीपासून सातव्यापर्यंत, पाच ओव्यांत, पौलाने सांत्वनाचा हा शब्द ग्रीकमध्ये दहा वेळा वापरलाय. आणि सातव्या अध्यायात तो सांगतो की मी खचलो होतो तेव्हा देवाने माझं सांत्वन केलं. कसं केलं? तीत या त्याच्या सोबत्याच्या येण्याने. दर्शन नाही, आकाशवाणी नाही. तीत दारात येऊन उभा राहिला.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तेव्हा ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या जागी मला आठवतं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये पती गेले. पदरात लहानगी मनोरमा. ख्रिस्ती विश्वासात आल्यावर त्यांनी विधवांसाठी, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींसाठी घर उभं केलं. पुढे मनोरमाही १९२१ मध्ये आईच्या हयातीतच गेली. त्या शेवटच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांचं दुःख कमी होतं म्हणून त्या हे करू शकल्या, असं कोण म्हणेल? पौल म्हणतो, ज्या सांत्वनाने देव आमचं सांत्वन करतो, त्याच सांत्वनाने आम्हाला इतरांचं सांत्वन करता यावं. ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं. पण ताई, ही तुमच्यासाठी आजची कामगिरी नाही. आज तुमची पाळी घेण्याची आहे.

आणि घ्यायचं म्हणजे अगदी व्यवहारातलं घ्यायचं. मंडळीतलं कुणी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणालं, की ‘हो, सांगते’ म्हणून सोडून देऊ नका. तिथल्या तिथे वार आणि वेळ द्या: मंगळवारी दुपारी दोन तास सासूबाईंजवळ बसाल का? त्या दोन तासांत तुम्ही झोपा. प्रार्थनाही करू नका, झोपा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवलं आणि ऊठ, खा म्हणाला. तो जेवला आणि परत झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवायला घातलं, कारण पुढची मजल त्याला झेपणारी नव्हती. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न त्याच्यानंतर, कितीतरी दिवसांनी आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. झोप न येणं, अन्न न जाणं, कशातच मन न लागणं हे आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल, जीव द्यावा असे विचार येत असतील, तर आजच जा आणि घरातल्या किंवा मंडळीतल्या एका तरी माणसाला आज सांगा. औषध घेणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं नव्हे. पौलाच्या बरोबर फिरणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो.

आता आनंदाकडे येतो. लोक सुख आणि आनंद यांची गल्लत करतात. सुख म्हणजे सगळं मनासारखं असणं, आणि ते तुमच्याकडे आत्ता नाही. आनंद कसा येतो ते मी एका वॉर्डात पाहिलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना पक्षाघाताचा झटका आला होता आणि वाचा गेली होती. दोन आठवडे एक शब्द नाही. पत्नी दिवसभर उशाशी. मी गेलो आणि तेविसावं स्तोत्र वाचायला लागलो. या स्तोत्राची एक गंमत बघा, पहिल्या तीन ओव्यांत देवाबद्दल ‘तो’ असं बोललंय: तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला नेतो. चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी लागते, आणि बरोबर तिथे ‘तो’चा ‘तू’ होतो: ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ कुरणात असताना देवाबद्दल बोलणं चालतं, दरीत उतरल्यावर देवाशीच बोलावं लागतं. मी त्या ओवीवर आलो तेव्हा खाटेवरून आवाज आला. घोगरा, तुटका, पण शब्द ओळखू येत होता. ‘तू.’ मग पुन्हा, ‘तू… बरोबर.’ लहानपणापासून पाठ असलेलं कुठेतरी खोल टिकून होतं. त्यांची पत्नी हसली. मोठ्याने हसली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, पलीकडच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. तो माणूस पुढे बरा झाला नाही. पण त्या बाईचं ते हसणं खोटं नव्हतं, आणि तिचं रडणंही थांबलेलं नव्हतं. पौल करिंथकरांना ‘दुःखी तरी सर्वदा आनंद करणारे’ असं लिहितो, तेव्हा मला तीच दिसते.

प्रभूनेही शिष्यांना असंच सांगितलं, आणि ते पकडला जाण्याच्या रात्री. तुम्ही रडाल आणि शोक कराल, पण तुमचं दुःखच आनंद होईल. बाळंतपणाचं उदाहरण दिलं त्याने. दुःखाच्या जागी दुसरं काही आणून ठेवीन असं तो म्हणाला नाही, त्याच कळांतून मूल जन्मतं असं म्हणाला. पुनरुत्थानानंतर तो भेटला तेव्हा हातांतल्या जखमा तशाच होत्या, थोमाला त्याने त्या दाखवल्या. मरणाला हरवून आलेल्या शरीरावरही त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. म्हणून यजमानांची आठवण पुसली जाईल तेव्हा आनंद येईल, असं समजू नका. दीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने १९४३ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या तेगेल तुरुंगातून लिहिलं होतं की आपल्या माणसाची रिकामी जागा देव भरून काढतो असं म्हणणं चुकीचं आहे. देव ती रिकामीच ठेवतो, आणि त्यामुळेच त्या माणसाशी आपलं नातं टिकतं, वेदनेसकट का होईना. मी हे अनेक विधवांना वाचून दाखवलंय. बहुतेकींनी सुटल्यासारखा श्वास सोडला. पलंगाची ती बाजू रिकामी वाटते हा तुमच्या विश्वासातला दोष नाही. ते प्रेम आहे, आणि पुनरुत्थानाची आशा त्याच प्रेमाला धरून आहे.

रविवारी गीत म्हणता आलं नाही तर उभ्या राहा आणि ऐका. चौघांनी एका पक्षघाती माणसाला छप्पर उघडून येशूपुढे उतरवलं, तेव्हा येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असं मार्क लिहितो. खाटेवरचा माणूस काही बोलल्याची नोंद नाही.

आज रात्री सासूबाई झोपल्यावर तेरावं स्तोत्र काढा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा आहे. तो मोठ्याने विचारा, घर ऐकत असलं तरी. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे: माझ्याकडे बघ, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड येऊ दे. तेही म्हणा, आणि तुमचं जे काही मागणं असेल, नोकरी, झोप, एखादी सोबत, ते नाव घेऊन त्यात घाला. पाचव्या-सहाव्यात स्तोत्रकर्ता देवाच्या दयेवर भरवसा ठेवून गायला लागतो. त्या दोन ओव्या जिभेवर येत नसतील तर सोडून द्या आणि दिवा मालवा. या रविवारी उपासनेत मी आमच्या मंडळीबरोबर तेरावं स्तोत्र वाचणार आहे, आणि त्या दोन ओव्या आम्ही सगळे मिळून तुमच्या वतीने म्हणू.